अर्ध्या केसाएवढी चकाकी

या अंकासाठी ‘निगा’ हा विषय ठरल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा जुने वाडे, पितळेची भांडी, आजीच्या पैठण्या असाव्यात. माझ्या डोळ्यांसमोर आली ती आमच्या कोथरूडमधली पार्किंगं. घर सोडलं तर मध्यमवर्गी माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त पैसे घालतो ते गाडीत. तिच्यासाठी पाच-सात वर्षं हप्ते फेडतो. ती रोज पुसली जावी म्हणून महिन्याला पैसे मोजतो. आणि त्या रोजच्या पुसण्यानेच तिचा रंग मरत जातो.

हे मला दाखवलं ते पिंपरीतल्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या एका काकांनी. त्यांच्या सोसायटीच्या तळमजल्यावर शेजाऱ्यांची एक काळी सेडान उभी होती. नुकतीच पुसलेली, लांबून आरशासारखी. काकांनी खिशातला छोटा टॉर्च काढून बॉनेटच्या जवळ धरला. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती बारीक रेघांची कडी उमटली, एकात एक, दाट. टॉर्च डावीकडे नेला की कडीही डावीकडे सरकत होती.

“गोल दिसतात म्हणून लोकांना वाटतं, फडकं गोल फिरवल्यामुळे झालं,” काका म्हणाले. “तसं नाही. चरे सगळ्या दिशांना आहेत. पण प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकून डोळ्यापर्यंत पोचतात. ठिपक्याच्या चहूबाजूंनी तसे आडवे चरे दिसले की त्यांचं वर्तुळ भासतं.”

मग टॉर्च बंद करत म्हणाले, “गाडी तीन वर्षांची आहे. यातलं रस्त्यावर फार थोडं झालंय. बाकीचं इथेच, या खांबाशेजारी.”

पत्र्यावर काय काय चढतं

काकांनी नोकरीची बरीच वर्षं रंगाच्या ओळीवर काढली. त्यांच्याकडून ऐकताना लक्षात येतं, की आपण ज्याला ‘गाडीचा रंग’ म्हणतो ती एकावर एक चढवलेल्या थरांची चळत आहे. नुसत्या पत्र्याचा सांगाडा आधी तेलकटपणा जाईपर्यंत धुतला जातो, मग त्यावर झिंक फॉस्फेटचा हात बसतो, म्हणजे पुढचा रंग पत्र्याला धरून राहतो. त्यानंतर अख्खा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून वीजप्रवाह सोडतात. विजेमुळे रंग कानाकोपऱ्यात, दाराच्या आतल्या पोकळीतही ओढला जातो. हा गंज रोखणारा थर साधारण २० मायक्रॉनचा. तो १६० ते १८० अंशांच्या भट्टीत भाजून निघतो. वर प्रायमर, त्यावर आपण शोरूममध्ये निवडतो तो रंग, जेमतेम १५-२० मायक्रॉन, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. पुन्हा भट्टी, या वेळी १४० अंशांच्या आसपास.

सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची जी काही चकाकी आहे ती जवळपास अर्ध्या केसाच्या जाडीत आहे. ऊन अडवणारी रसायनंही याच थरात मिसळलेली असतात. दहा-बारा वर्षांच्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर पांढरे पोपडे सुटलेले आपण पाहतो, तो या थराचा शेवट असतो. तिथे कितीही पॉलिश घासलं तरी काही परत येत नाही, कारण चमकायचं जे होतं तेच उरलेलं नसतं.

“मग पुन्हा रंगवायचा,” मी म्हटलं.

काकांनी मान हलवली. पूर्ण तयार गाडीत वायरिंग असतं, प्लास्टिक असतं, सीट असतात. तिला १४० अंशांत घालता येत नाही. त्यामुळे गॅरेजमधला रंग वेगळ्या जातीचा असतो. हार्डनर मिसळून मारायचा आणि ६० अंशांच्या आसपासच्या बूथमध्ये वाळवायचा. चांगल्या पेंटरच्या हातून तो उत्तम उतरतो, पण कारखान्यातला मूळ रंग एकदाच मिळतो. म्हणून काका सतत एकच सांगत राहतात: चकाकी वाढवायच्या मागे लागू नका, आहे ती खर्चू नका.

आपल्याकडे उलटी सवय कशी लागली यालाही कारण आहे. १९२३ मध्ये अमेरिकेत ओकलंड मोटारींवर ड्यूपाँट कंपनीचा ड्युको हा नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग आला आणि आठवडे खाणारं रंगकाम आटोक्यात आलं. पुढे कित्येक दशकं जगभरात गाड्यांना क्लिअर कोट नव्हताच. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी असो की अँबॅसॅडर, वरचा थर रंगाचाच. उन्हाने तो खडूसारखा पांढुरका पडे. मग सुट्टीच्या दिवशी रबिंग कंपाउंड घेऊन घासायचं. फडक्याला गाडीचा रंग लागे आणि खालचा ताजा थर वर येई. त्या रंगाला ते मानवत होतं. आजच्या गाडीवर तेच केलं तर फडक्याला काहीच लागलेलं दिसत नाही, कारण निघून जातो तो थर पारदर्शक असतो. वडिलांचं पाहून मुलगा घासत राहतो आणि आपण काय गमावतोय ते त्याला दिसत नाही.

मळाच्या जाती

पुण्यात गाडीवर साचतं ते काय असतं? नुसती माती असती तर बरं झालं असतं. शहरभर बांधकामं चालू आहेत आणि आता नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड वापरतात, म्हणजे आपल्याच काळ्या बसाल्टचा भुगा. त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं कठीणपणाच्या मोह मापावर सहाच्या आसपास आहेत. काच साडेपाचच्या आसपास. क्लिअर कोट या दोन्हींपुढे अगदीच मऊ. वाळूत क्वार्ट्झ असेल तर तो सात. सिग्नलवर मिळणारं पिवळं फडकं कितीही मऊ असो, त्याच्याखाली सापडलेला कण मऊ नसतो. पिसांच्या झटकनीनं हलक्या हाताने धूळ झटकली तरी कण रंगावरून ओढतच जातात.

काकांच्या सोसायटीच्या मागे दोन आंब्याची झाडं आहेत. मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात आणि त्यांच्या अंगातून गोडसर चिकटा गळतो. खाली उभ्या गाड्यांच्या काचांवर, टपावर बारीक थेंबांचा लेप बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि पुढे काळी बुरशी धरते. हा चिकटा ओला असताना साध्या पाण्याने जातो. आठवडाभर उन्हात भाजला की नखाने खरवडायची वेळ येते, आणि लोक खरवडतातही.

पक्ष्यांची शीट सगळ्यांना माहीत असते, पण ती का बाधते हे फार थोड्यांना. तिच्यात आम्ल असतं हे खरंच. शिवाय भर उन्हात तापलेला क्लिअर कोट किंचित मऊ पडतो, फुगतो. रात्री गार होताना आक्रसतो आणि वाळून घट्ट झालेल्या शिटीभोवती तिच्या आकारासारखा बसतो. शीट धुतल्यावर तिथे जो मंद डाग राहतो तो रंगाच्या पृष्ठभागाचाच बदललेला आकार असतो. उपाय बिनखर्चाचा आहे. भिजवलेला टिश्यू त्यावर दहा मिनिटं ठेवायचा, भिजू द्यायचं आणि न घासता उचलायचं.

बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळीच. उपनगरांत पिण्याला टँकर आणि बाकी सगळ्याला बोअर अशी वाटणी असते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. गाडी धुऊन उन्हात तशीच वाळू दिली की प्रत्येक थेंब आपल्या कडेला एक पांढरं कडं ठेवून जातो. ताजं असताना ते पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून पुसलं की विरघळतं, मग साध्या पाण्याने धुऊन टाकायचं. जुनं झालं की क्लिअर कोटमध्ये खड्डा पडतो आणि तिथे व्हिनेगरचं काम उरत नाही.

लोखंडाचे कण मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. ब्रेक घासताना उडणारे, रेल्वेच्या रुळांजवळचे, कारखान्यांच्या परिसरातले तापलेले सूक्ष्म कण रंगात रुततात आणि तिथल्या तिथे गंजतात. पांढऱ्या गाडीवर नारिंगी टिपके दिसतात ते हेच. त्यासाठी मिळणारा फवारा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा थक्क झाले. काकांनी तो मागच्या दारावर मारला आणि दोन मिनिटांत पांढऱ्या दारावरून जांभळे ओघळ खाली येऊ लागले. थायोग्लायकोलेट नावाचं रसायन लोखंडाशी जुळून जांभळं होतं. ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधातही त्याच कुळातलं रसायन असतं, म्हणून दोन्हींचा वास तसाच उग्र, गंधकासारखा.

आणि आपले सण. दसऱ्याला गाडीची पूजा होते, बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक निघतं, झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू जातं. हळदीची काळजी करायचं कारण नाही. तिचा पिवळा रंग उन्हात आपोआप विरतो. बाजारच्या कुंकवात कृत्रिम रंग असू शकतो, तो त्याच संध्याकाळी पाण्याने काढलेला बरा. बॉनेटवर वाळत राहिलेली माळ आणि तिच्या दोऱ्याचं वाऱ्याने होणारं घासणं ही खरी काळजीची गोष्ट. फटाक्यांची राख पडली तर कोरडं फडकं मुळीच लावू नये. तीत धातूंचे क्षार असतात, आणि रात्रीच्या दवाने ओली झाली की ती रंगाला चिकटते.

दोन बादल्या

रविवारी सकाळी सातला काकांनी स्वतःची पांढरी हॅचबॅक सावलीत घेतली. बॉनेटला हाताची पाठ लावून गार असल्याची खात्री केली आणि दोन बादल्या भरल्या. एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत नुसतं पाणी. दोन्हींच्या तळाशी प्लास्टिकची जाळी, म्हणजे खाली बसलेली वाळू पुन्हा वर येत नाही. कपड्यांची पावडर ते जवळही येऊ देत नाहीत. ती क्षारयुक्त असते, मळाबरोबर मेणही उतरवते आणि रबरं कोरडी पाडते. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवून गाडी चमकवणारे ड्रायव्हर अजून आहेत. ती चमक म्हणजे तेलाचा पातळ पापुद्रा, आणि त्यावर तासाभरात नवी धूळ बसते.

सुरुवात चाकांपासून झाली, कारण तिथला मळ सगळ्यांत खरखरीत. चाकांचं फडकं पुन्हा अंगाला लागायचं नाही, म्हणून ते वेगळ्या रंगाचं. मग गाडीवर हात न लावता नुसतं पाणी. काका या पायरीवर कितीतरी वेळ रेंगाळतात. पाण्याने जेवढं सुटेल तेवढं सुटू द्यायचं, कारण सुटलेला कण घासावा लागत नाही. त्यानंतर शॅम्पूतला मायक्रोफायबरचा हातमोजा टपावर ठेवून सरळ रेषेत, कसलाही दाब न देता ओढला. दोन-तीन हातांनंतर मोजा साध्या पाण्याच्या बादलीत जाळीवर खळबळला, पिळला आणि मगच पुन्हा शॅम्पूत बुडवला. वरून खाली, पत्र्यामागून पत्रा. दारांचा खालचा तिसरा भाग अगदी शेवटी. कोकणातून आलेल्या गाडीला तिथेच जांभ्याची लाल माती धरलेली असते, आणि किनाऱ्यावरचं मीठही. अशी गाडी असेल तर खालूनही पाणी मारलं पाहिजे.

धुऊन झाल्यावर त्यांनी साध्या पाण्याची बादली मला वाकून बघायला लावली. जाळीखाली करड्या वाळूचा थर बसला होता. लांबून ही गाडी स्वच्छच दिसत होती.

पुसणं नाहीच. मोठा, जाड पंचा ओल्या पत्र्यावर अंथरायचा, तळव्याने हलकेच थोपटायचा आणि उचलायचा. मायक्रोफायबरचे धागे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड यांचे असतात आणि प्रत्येक धागा चिरून अनेक सूक्ष्म पाकळ्या काढलेल्या असतात, त्यामुळे त्यांत पाणीही शिरतं आणि कणही. मात्र हा पंचा धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घातला की या पाकळ्यांवर लेप बसतो आणि पंचा निकामी होतो. जमिनीवर पडला तर काका तो त्या दिवशी वापरतच नाहीत.

मग त्यांनी भाजीच्या पातळ पिशवीत माझा हात घालायला लावला आणि धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवायला सांगितली. उघड्या बोटांना गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा लागला. रुतलेल्या कणांची ही सर्वांत स्वस्त परीक्षा. ते काढायला क्ले बार असतो, मळलेल्या मैद्यासारखी लवचीक वडी. जपानच्या तदाओ कोदाते यांच्या नावावर तिची १९९० च्या दशकातली पेटंटं आहेत. भरपूर शॅम्पूच्या पाण्यावर वडी हलकेच सरकवायची. सुरुवातीला ती अडखळते, कण निघाले की घसरायला लागते. मळ दिसला की वडी दुमडायची. खाली पडली तर फेकायची.

यंत्र हातात घेण्याआधी

ओरखडे काढणं म्हणजे काय, हे ऐकून मला धक्का बसला. चरा भरून निघत नसतो. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत उतरवायचा, म्हणजे चरा नाहीसा होतो. दर पॉलिशला एक ते तीन मायक्रॉन जातात, जोरकस कंपाउंडला त्याहून जास्त. अर्ध्या केसातून किती वेळा वजा करायचं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. नख ज्या चऱ्यात अडकतं तो पॉलिशने काढायचा प्रयत्नही करू नये. तो बहुधा क्लिअर कोटच्या खाली गेलेला असतो.

काकांकडे थर मोजायचं छोटं उपकरण आहे. ते पत्र्यावर टेकवलं की खालचं लोखंड किती दूर आहे ते मायक्रॉनमध्ये सांगतं. त्यांच्या हॅचबॅकच्या टपावर ११२ आलं, मागच्या डाव्या दारावर २६०. दार पूर्वी कधीतरी ठोकलं आणि रंगवलं गेलं होतं, हे आकड्यानेच बोलून दाखवलं. जुनी गाडी घेताना हे उपकरण बरोबर असावं, असं माझं स्पष्ट मत झालंय.

पॉलिशचं यंत्र त्यांनी ड्युअल ॲक्शन प्रकारचं घेतलंय. त्याची चकती स्वतःभोवती फिरते आणि लहान वर्तुळात डोलतेही, त्यामुळे एकाच ठिकाणी उष्णता साठत नाही. गॅरेजमधलं एकाच आसावर फिरणारं रोटरी कसबी हातात झपाट्याने काम करतं. नवख्याच्या हातात ते कडेवरचा रंग काही सेकंदांत उडवतं, कारण कडांवर थर मुळातच पातळ असतो. म्हणून काकांनी आधी सगळ्या कडांवर, रबरांवर, काळ्या प्लास्टिकवर टेप मारली. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके. हाताच्या दोन वितींएवढा चौकोन. आधी यंत्र बंद ठेवूनच पॉलिश पसरलं, मग संथपणे आडवं, मग उभं. पॉलिशमधले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण आधी कापतात, मग फुटून बारीक होत गुळगुळीत करतात. एवढ्या कामाला मिनिटभर लागलं आणि ते थांबले.

चौकोन चकचकीत दिसत होता, पण काकांना ते पुरेसं नव्हतं. पॉलिशमधलं तेल चऱ्यात बसून ते लपवतं. त्यांनी पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून तेल उतरवलं आणि मग टॉर्च धरला. बारीक जाळं गेलं होतं. दोन खोल रेघा तशाच होत्या. “राहू देत,” ते म्हणाले. “टॉर्च घेऊन कोण बघतंय? त्या काढायला जेवढं घालवावं लागेल तेवढं मला अजून काही वर्षं उन्हाला द्यायचंय.”

मेण आणि काचेचा लेप

पॉलिशनंतर उघडा पडलेला थर झाकायचा असतो. जुना मार्ग कार्नोबा मेणाचा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवर ते धरतं, पानं वाळवून झोडपली की सुटतं आणि ८२ ते ८६ अंशांना वितळतं. ते सुंदर दिसतं, स्वस्त पडतं, पण आपल्या उन्हात काही आठवडेच टिकतं.

सध्या जोर आहे तो सिरॅमिक कोटिंगचा. सिलिकावर आधारलेला हा द्रव क्लिअर कोटवर घट्ट बसतो, पाणी त्यावरून मोती होऊन पळतं, मळ सहज सुटतो. हे सगळं खरं आहे. पण दुकानातल्या फलकावरचा ‘९एच’ हा आकडा वाचून लोक हिऱ्याच्या जवळपासचं काही समजतात. तो पेन्सिलच्या कठीणपणाच्या चाचणीतला आकडा आहे, खनिजांच्या मोह मापाशी त्याचा संबंध नाही. कोटिंग केलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं तर तिच्यावरही चरे पडतात. आणि बोअरच्या पाण्याचे मोती उन्हात वाळले तर तितकेच ठसठशीत डाग सोडतात. कोटिंग करून घेणाऱ्याने धुण्याची पद्धत बदलायची तयारी ठेवलेली नसेल, तर त्याने ते पैसे बादल्या आणि चांगल्या मायक्रोफायबरवर घालावेत. अंगावर घालायच्या कव्हरचंही तेच. धुळीच्या गाडीवर चढवलेलं कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि रात्रभर घासतं.

पहाटेचा माणूस

हे सगळं काकांना जमतं, कारण त्यांच्याकडे रविवारची सकाळ आहे. सोसायटीच्या उरलेल्या गाड्या पुसणारा मुलगा लातूरकडचा आहे. पहाटे साडेपाचला येतो, साडेआठला लोक ऑफिसला निघायच्या आत तीसेक गाड्या उरकतो आणि मग दुसऱ्या सोसायटीत जातो. आधी त्याच्याकडे बादली एक, फडकी दोन. दहाव्या गाडीपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं होई. बदलायला वर टाकीपाशी जावं लागे.

“ताई, रोज पुसली नाही तर साहेब विचारतात, आज आला नाहीस का,” तो मला म्हणाला. “धूळ दिसली की माझा खाडा धरतात.”

त्याचं बरोबर होतं. दोष फडक्याचा आहे तेवढाच त्या व्यवहाराचा, जिथे पैसे हात फिरवण्याचे मिळतात आणि पाणी कुणी देत नाही. काकांनी हे सोसायटीच्या बैठकीत मांडलं. आता तिथे रोज फक्त काचा आणि आरसे पुसले जातात. अंग आठवड्यातून दोनदाच, आणि तेही ओलं. पहिल्या विंगचे सोमवार-गुरुवार, दुसरीचे मंगळवार-शुक्रवार. पगार तोच. फडकी सोसायटीने घेतली, प्रत्येक गाडीला तिचं स्वतःचं, आणि ती धुवायला जिन्याखाली जागा दिली. पाण्याचा प्रश्नही त्यात सुटला. साध्या नळीतून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जातं. न धुता पुसून काढायच्या शॅम्पूने अर्ध्या बादलीत एक गाडी होते. फडकं त्यात भिजवायचं, एक घडी एका पत्र्याला, मग घडी उलटायची. फार चिखल असेल तेव्हाच नळी.

मुलाला ही पद्धत दोन सकाळींत आली. काकांपेक्षा त्याचा हात हलका आहे, असं काकाच म्हणतात. फॅमिली फंक्शनला जायचंय, गाडी चमकवून दे, असं कुणी सांगितलं तर तो आता आधी टॉर्च मागतो.

त्याची एकच मागणी शिल्लक आहे, खाली पार्किंगमध्ये एक नळ. कमिटीने तो मंजूर केलाय. पाणी कुठून आणायचं हेही ठरलंय. सांडपाण्याचा उतार गेटच्या बाजूला काढायचा की मागच्या आंब्याकडे, यावर दोन्ही विंगचं अजून एकमत व्हायचंय.